मद्रासचा ठोका आणि यवतमाळची दुपार

घड्याळात दुपारचे बारा वाजतात तेव्हा यवतमाळच्या आकाशात सूर्य अद्याप माथ्यावर आलेला नसतो. वर्षाची सरासरी धरली तर त्याला आणखी साडेसतरा मिनिटे लागतात. जिल्ह्याच्या पूर्व टोकाकडील वणीला हाच उशीर सुमारे चौदा मिनिटांचा, तर पश्चिमेकडील पुसदला जवळजवळ वीस मिनिटांचा असतो. सूर्याचा यात काही दोष नाही. पृथ्वीला एक अंश फिरण्यास चार मिनिटे लागतात आणि आपण ज्या रेखावृत्ताची वेळ पाळतो ते साडेब्याऐंशी अंशाचे रेखावृत्त उत्तरेत मिर्झापूरच्या बाजूने जाते. यवतमाळ त्याच्या पश्चिमेस चार अंशांहून थोडे अधिक दूर आहे. म्हणजे आपल्या जिल्ह्याने आपली दुपार दुसऱ्याच्या स्वाधीन केलेली आहे. ती कोणाच्या स्वाधीन केली, केव्हा केली, आणि त्या दुसऱ्याचे घड्याळच बिघडले तर काय, या प्रश्नांचा इतिहास मोठा मनोरंजक आहे. तो गेल्या शतकाच्या अखेरीस थेट संगणकशास्त्रातील एका अत्यंत अवघड कोड्यापर्यंत जाऊन पोहोचतो. त्याच इतिहासाचा मागोवा येथे घेण्याचे आम्ही योजिले आहे.

रेल्वे आणि तारायंत्र येण्यापूर्वी वऱ्हाडातील प्रत्येक गावाची वेळ त्या गावाचीच होती. दिवसरात्रीच्या साठ घटिका, प्रत्येक घटिका आपल्या चोवीस मिनिटांची. पाण्याच्या भांड्यात तळाशी बारीक छिद्र असलेली वाटी सोडावयाची, ती भरून बुडाली की एक घटिका झाली. लग्नाचा मुहूर्त साधण्यासाठी मंडपात असे घटिकापात्र मांडले जाई. दारव्ह्याची घटिका आणि उमरखेडची घटिका एकाच क्षणी बुडते की नाही, याची चौकशी करण्याचे कोणाला कारण नव्हते. दारव्ह्याहून उमरखेडला निरोप जावयाचा तो घोड्यावरून वा पायी. त्या प्रवासात काही मिनिटांचा फरक कोणाच्या ध्यानातही येत नसे.

युरोपातील आपल्या धर्मबंधूंची स्थिती फारशी निराळी नव्हती. संत बेनेडिक्ट यांनी सहाव्या शतकात मठवासीयांसाठी प्रार्थनेचे प्रहर नेमून दिले आणि ते पाळण्यासाठी घंटा वाजू लागल्या. यांत्रिक घड्याळे पुढे तेराव्या-चौदाव्या शतकांत आली. घड्याळासाठी असलेला इंग्रजी शब्द ‘क्लॉक’ हा मध्ययुगीन लॅटिनमधील ‘क्लोका’, म्हणजे घंटा, या शब्दाशी नाते सांगतो. आपले ‘घड्याळ’ घडीवरून, घटिकेवरून आलेले. दोन्हीकडे वेळ ही आधी ऐकण्याची वस्तू होती, पाहण्याची नंतर झाली. सकाळ, दुपार आणि सायंकाळी त्रिकाळ प्रार्थनेची घंटा जिथवर ऐकू येई, तिथवर एक वेळ. त्यापलीकडे दुसऱ्या मंदिराची घंटा, दुसरी वेळ.

दोन ठिकाणच्या वेळा जुळत नसल्या की काय होते, याचा मोठा धडा ख्रिस्ती जगाने घड्याळाच्या नव्हे, दिनदर्शिकेच्या बाबतीत घेतला. १५८२ साली पोप तेरावे ग्रेगरी यांनी दिनदर्शिका सुधारली. ४ ऑक्टोबरनंतर एकदम १५ ऑक्टोबर उजाडला. या सुधारणेमागील गणिताचे समर्थन करणारे विद्वान ख्रिस्तोफर क्लाव्हियस हे येशूसंघीय धर्मगुरू होते. त्यांचेच एक शिष्य मात्तेओ रिची गोमंतकात काही वर्षे राहून पुढे चीनला गेले आणि १६०१ साली त्यांनी चीनच्या सम्राटाला आपोआप टोले देणारी घड्याळे नजर केली, हे जाता जाता सांगितले पाहिजे. कॅथलिक देशांनी नवी दिनदर्शिका बहुतांशी लगेच स्वीकारली. इंग्लंडने मात्र ती १७५२ पर्यंत स्वीकारली नाही. परिणाम काय झाला पाहा. सतराव्या शतकात पॅरिसहून २० मार्चला लिहिलेले पत्र चार दिवसांनी लंडनला पोहोचले, तर तेथील दिनदर्शिकेप्रमाणे ते १४ मार्चला पोहोचे. म्हणजे लिहिण्याच्या सहा दिवस आधी वाचले गेले! पत्रव्यवहार करणारी शहाणी माणसे दोन्ही तारखा लिहून हा घोळ निस्तरीत. हे उदाहरण वाचकांनी ध्यानात ठेवावे. पुढे त्याचा उपयोग होणार आहे.

वऱ्हाडात हा प्रश्न आगगाडीने आणला. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे १८६७ साली नागपूरपर्यंत पोहोचली. यवतमाळ त्या मार्गावर नव्हते. धामणगाव हेच पुष्कळ वर्षे यवतमाळकरांचे स्थानक होते आणि कापसाच्या गाड्या तिकडेच जात. मुंबई आणि नागपूर यांच्या स्थानिक वेळांत पंचवीस मिनिटांचा फरक पडतो. गाडीच्या वेळापत्रकात कोणती वेळ लिहावयाची? मुंबई आणि कलकत्ता या दोन राजधान्या एकमेकींचे ऐकण्यास तयार नव्हत्या. तेव्हा १८७० च्या सुमारास रेल्वे आणि तारखाते यांनी मद्रासची वेळ धरली. मद्रास मुंबई-कलकत्त्याच्या साधारण मध्ये पडते, शिवाय ईस्ट इंडिया कंपनीने १७९२ साली उभारलेली वेधशाळा तेथे होती. तेथून निघालेला वेळेचा संकेत तारेने देशभर जाई आणि स्टेशनमास्तर आपले घड्याळ त्याबरहुकूम लावीत. दुपारी चार वाजता सर्व स्थानकांना वेळेचा संकेत देण्याची रीत भारतीय रेल्वेच्या नियमांत पुढेही कायम राहिली.

मद्रासची वेळ यवतमाळच्या सूर्यापेक्षा साडेआठ मिनिटे पुढे होती. एवढ्याने शेतकऱ्याचे काही बिघडत नव्हते, पण गाडी गाठावयाची असेल त्याला स्वतःची दुपार विसरून मद्रासची दुपार मानणे भाग पडले. व्यवस्था साधी होती: एक घड्याळ खरे, बाकी सर्व त्याचे अनुयायी. तिच्यातील दुबळेपणाही तितकाच उघड आहे. तार तुटली, मद्रासच्या अधिकाऱ्याने चूक केली, वा वाटेतल्या एखाद्या तारमास्तराने संकेत उशिरा पुढे दिला, तर खालच्या सर्वांनी ती चूक निमूटपणे स्वीकारावयाची. रेल्वेवाल्यांना हे कळत होते, असे मानण्यास एक पुरावा आहे. एकेरी मार्गावर दोन गाड्या समोरासमोर येऊ नयेत म्हणून त्यांनी घड्याळावर कधीही पूर्ण भिस्त ठेवली नाही. ड्रायव्हरच्या हाती लोखंडी गोळा पडल्याशिवाय गाडी पुढच्या टप्प्यात शिरत नसे. आणि गोळा देण्याचे यंत्र असे की एका टप्प्यासाठी एका वेळी एकच गोळा बाहेर निघे. घड्याळ सांगे केव्हा निघावयाचे; निघावयाचे की नाही हे सांगे तो गोळा. कोण आधी आणि कोण नंतर, हे ठरविण्यासाठी घड्याळ लागतेच असे नाही, हा मोठा विचार त्या लोखंडी तुकड्यात दडलेला होता. तो शास्त्राच्या भाषेत मांडला जाण्यास आणखी काही दशके जावी लागली.

मुंबईने मात्र मद्रासचे अनुयायित्व कधीच मनापासून मान्य केले नाही. १८८१ साली गव्हर्नर सर जेम्स फर्ग्युसन यांनी सरकारी कचेऱ्यांत मद्रासची वेळ सुरू केली. शहरात इतका असंतोष माजला की दोन वर्षांत, १८८३ साली, सरकारला माघार घ्यावी लागली. विद्यापीठाच्या राजाबाई मनोऱ्यावरील घड्याळाने कोणाची वेळ दाखवावी, हादेखील त्या काळी वादाचा विषय झाला होता. पुढे १ जानेवारी १९०६ पासून ग्रीनिचच्या साडेपाच तास पुढे असलेली भारतीय प्रमाणवेळ लागू झाली, तेव्हा पुन्हा तेच. मुंबईचे घड्याळ एकदम एकोणचाळीस मिनिटे पुढे करावे लागणार होते. गिरणीत पहाटे कामावर जाणाऱ्याला एकोणचाळीस मिनिटे म्हणजे काय, हे निराळे सांगावयास नको. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यातच मुंबईत गिरणी कामगारांनी या बदलाविरुद्ध काम बंद केले. वंगभंगाच्या चळवळीचे ते दिवस. सरकारचे घड्याळही सरकारच्या इतर गोष्टींप्रमाणेच संशयाने पाहिले गेले. मुंबई महापालिकेने आपली जुनी वेळ तशीच चालू ठेवली आणि ती थेट १९५५ पर्यंत टिकली. अर्धशतकभर एकाच शहरात दोन वेळा नांदल्या! रेल्वेस्थानकावर एक, पालिकेत दुसरी. यवतमाळ जिल्हा ज्यात मोडतो तो अमरावती धर्मप्रांतही १९५५ सालीच स्थापन झाला; अर्थात हा केवळ योगायोग.

मुंबईकरांच्या हट्टाला पुष्कळांनी हसण्यावारी नेले आहे. आम्हांस तसे वाटत नाही. ‘तुमचे घड्याळ आम्ही का मानावे?’ हा त्यांचा प्रश्न रास्त होता, आणि ‘सरकार सांगते म्हणून’ हे त्याचे उत्तर पुरेसे नव्हते. यवतमाळने असा प्रश्न विचारल्याची नोंद आमच्या पाहण्यात नाही. १९०५ साली दारव्हा आणि पुसद हे तालुके जोडले जाऊन जिल्ह्याला आजचे नाव मिळाले आणि पुढच्याच जानेवारीत नवी प्रमाणवेळ आली. नवे नाव आणि नवी वेळ अशी दोन्ही पाठोपाठ आली आणि जिल्ह्याने ती स्वीकारली. पुढे मूर्तिजापूर ते यवतमाळ हा सुमारे ११३ किलोमीटरचा अरुंद मार्ग झाला. लोकांनी प्रेमाने ‘शकुंतला’ म्हटलेल्या त्या गाडीचे मँचेस्टरला १९२१ साली बांधलेले वाफेचे इंजिन १९९४ पर्यंत धावले. ती गाडी आता बंद पडली आहे. ती वेळेवर येते अशी तिची ख्याती नव्हती, हे तिच्यावर प्रेम करणारेही मान्य करतील. तरी पुढील कोड्यासाठी तिच्याच मार्गावरील स्थानके आम्ही उसनी घेणार आहोत.

१९७० नंतरच्या दशकात अमेरिकेतील अवकाश संस्था नासा हिने विमान चालविणारा संगणक बनविण्याचे काम कॅलिफोर्नियातील एका संशोधन संस्थेकडे सोपविले. आकाशात संगणक बिघडला तर प्रवाशांचे प्राण जाणार. म्हणून एकाऐवजी अनेक संगणक ठेवावयाचे, सर्वांनी तेच गणित करावयाचे, आणि बहुमताने निघेल ते उत्तर धरावयाचे अशी योजना होती. पण मत एकाच वेळी पडले पाहिजे. त्यासाठी सर्वांची घड्याळे जुळलेली हवीत. प्रत्येक संगणकातील घड्याळ गारगोटीच्या स्फटिकाच्या कंपनांवर चालते आणि कोणतेही दोन स्फटिक अगदी सारखे नसतात. एक किंचित पुढे जातो, दुसरा मागे पडतो. मग त्यांचा मेळ कोणी घालावयाचा? एकाला मद्रास करावे तर नेमका तोच बिघडू शकतो. तेव्हा अनेक घड्याळांनी आपापसांत विचारपूस करून एकमत साधावयाचे ठरले. येथपर्यंत कोणालाही सुचेल. तीन घड्याळे ठेवू, मधले मानू, एक बिघडले तरी दोन शाबूत राहतील, असे सुरुवातीला सर्वांनाच वाटते.

ते चुकीचे आहे. का, ते पाहू. कल्पना करा, दारव्हा, यवतमाळ आणि मूर्तिजापूर या तीन स्थानकांनी चारच्या सुमारास एकमेकांना आपापली वेळ कळवावयाची आणि तिन्हींतील मधली वेळ धरून आपले घड्याळ लावावयाचे असे ठरले. यवतमाळच्या घड्याळात चार वाजले आहेत. दारव्ह्याच्या घड्याळात चार वाजून सहा मिनिटे. मूर्तिजापूरचे घड्याळ बिघडलेले आहे, आणि बिघडलेले असे विचित्र की ते यवतमाळला सांगते चारला सहा कमी, तर दारव्ह्याला सांगते चार वाजून बारा. यवतमाळपुढे तीन आकडे आले: चारला सहा कमी, चार, आणि चार वाजून सहा. मधला आकडा स्वतःचाच! यवतमाळ समाधानाने म्हणते, आपले घड्याळ बरोबर आहे. दारव्ह्यापुढे आले: चार, चार वाजून सहा, चार वाजून बारा. त्यालाही स्वतःचाच आकडा मध्ये दिसतो. मधल्या वेळेऐवजी सरासरी काढली तरी उत्तर तेच. दोन्ही प्रामाणिक स्थानके जिथल्या तिथे राहिली, आणि असे रोज घडले तर त्यांच्यातील अंतर रोज वाढतच जाईल. कोणालाही आपले चुकते आहे असे वाटणार नाही. बंद पडलेल्या घड्याळाने हे नुकसान केले नसते, कारण बंद घड्याळ निदान सर्वांना एकच गोष्ट सांगते. घात करते ते दोन तोंडांनी बोलणारे घड्याळ. यंत्राला लबाडी करण्याची इच्छा नसते. पण सैल झालेली तार वा कमकुवत झालेला संकेत एका ठिकाणी एक आणि दुसऱ्या ठिकाणी दुसरा अर्थ देऊ शकतो, आणि ऐकणाऱ्याला तो लबाडीपेक्षा वेगळा नसतो.

रॉबर्ट शोस्टॅक, मार्शल पीज आणि लेस्ली लँपोर्ट या तिघा संशोधकांनी १९८० साली हे सिद्ध केले की एक दुतोंडी सदस्य सांभाळून घ्यावयाचा तर एकंदर किमान चार सदस्य हवेत. दोन असतील तर सात, तीन असतील तर दहा. दोषी एक तृतीयांशाहून कमी असले पाहिजेत. १९८२ साली त्यांनी हेच कोडे एका कथेच्या रूपाने मांडले. एका नगराला वेढा घालून बसलेले अनेक सेनापती निरोप्यांकरवी एकमेकांशी बोलतात; हल्ला करावयाचा की माघार घ्यावयाची हे सर्वांनी एकमताने ठरवावयाचे आहे; पण त्यांच्यातले काही फितूर आहेत. कोणत्याही विद्यमान राष्ट्राचा अपमान होऊ नये म्हणून सेनापती बायझँटाइन साम्राज्याचे ठरविण्यात आले. हजारांहून अधिक वर्षे टिकलेल्या पूर्वेकडील ख्रिस्ती साम्राज्याचे नाव अशा रीतीने फितुरीशी कायमचे जोडले गेले, याचे आम्हांस थोडे वाईट वाटते. पण जगभरच्या संगणकतज्ज्ञांत आता तीच संज्ञा रूढ झाली आहे.

आता आपल्या स्थानकांत चौथे घालू. कारंज्याचे घड्याळ प्रामाणिक आहे आणि त्यात चार वाजून तीन मिनिटे झाली आहेत. नियम असा करू की आलेल्या चार आकड्यांतून सर्वांत मोठा आणि सर्वांत लहान असे दोन्ही सोडून द्यावयाचे आणि उरलेल्या दोहोंच्या मध्यावर घड्याळ लावावयाचे. मूर्तिजापूर पूर्वीसारखेच दोन तोंडांनी बोलते. यवतमाळपुढे चारला सहा कमी, चार, चार वाजून तीन आणि चार वाजून सहा आले. टोकाचे दोन गेले. चार आणि चार वाजून तीन यांचा मध्य चार वाजून दीड मिनिट. दारव्ह्यापुढे चार, चार-तीन, चार-सहा आणि चार-बारा, टोकाचे गेले, मध्य चार वाजून साडेचार मिनिटे. सहा मिनिटांचे अंतर तीन मिनिटांवर आले. मूर्तिजापूरने कारंज्याला काहीही सांगितले तरी कारंजे या दोहोंच्या बाहेर पडू शकत नाही. दुसऱ्या दिवशी तीनाचे अंतर दीड मिनिटापलीकडे राहू शकत नाही, तिसऱ्या दिवशी पाऊण मिनिटापलीकडे. मूर्तिजापूर रोज नव्या थापा मारू दे, त्या निष्फळ होत जातात. ज्या कोणाला शंका असेल त्याने कागद-पेन्सिल घेऊन मूर्तिजापूरच्या तोंडी हवे ते आकडे घालून पाहावे. यात कोण खोटे बोलतो हे शोधून काढावे लागत नाही, ही गोष्ट आम्हांस सर्वांत विलक्षण वाटते. गुन्हेगार सापडत नाही, त्याला शिक्षा होत नाही, तो मंडळात बसून राहतो. आणि तरीही मंडळाचे काम चालते.

ही टोके छाटण्याची रीत जेनिफर लंडेलियस वेल्च आणि नॅन्सी लिंच या दोघी अमेरिकन विदुषींची. त्याआधी लँपोर्ट आणि मेलियर-स्मिथ यांनी १९८५ साली दुसरी रीत प्रसिद्ध केली होती: जो आकडा आपल्या घड्याळापासून ठरावीक मर्यादेपलीकडे दूर असेल त्याच्या जागी आपलाच आकडा घालावयाचा आणि मग सर्वांची सरासरी काढावयाची. दोन्ही रीतींना अट एकच, की प्रामाणिक घड्याळे पुरेशी असली पाहिजेत आणि आरंभी ती एकमेकांपासून फार दूर गेलेली नसावीत. फारच दूर गेलेल्यांना पुन्हा एकत्र आणणे हे आणखी अवघड काम आहे.

याच लँपोर्ट यांनी त्यापूर्वी, १९७८ साली, एक छोटासा निबंध लिहिला होता. पॅरिसच्या पत्राचे जे उदाहरण वर ध्यानात ठेवावयास सांगितले ते येथे उपयोगी पडते. पत्र लिहिल्यानंतरच ते वाचले जाऊ शकते, एवढे तरी निश्चित आहे. तेव्हा लंडनच्या गृहस्थाच्या हाती २० मार्चचे पत्र पडले आणि त्याची स्वतःची तारीख १४ असली, तर त्याने आपली तारीख मुकाट्याने विसाच्या पुढे न्यावी. प्रत्येकाने हा नियम पाळला तर घड्याळे सूर्याशी जुळोत न जुळोत, कोणतीही घटना तिच्या कारणाच्या आधी नोंदली जाणार नाही. रेल्वेच्या लोखंडी गोळ्यात दडलेला विचार तो हाच. बँकेच्या व्यवहारात तो किती मोलाचा आहे पाहा. मुलाने पुण्याहून खात्यात पैसे भरले आणि वडिलांनी वणीला ते काढले. वणीचे यंत्र घड्याळाने थोडे मागे असेल, तर पैसे भरण्याआधीच काढल्याची नोंद होईल आणि खात्यात शिल्लक नाही म्हणून वडिलांना रिकाम्या हाताने परतावे लागेल. अशा लक्षावधी नोंदी दूरदूरचे संगणक रोज एकमेकांशी ताडून पाहत असतात. त्यांच्या घड्याळांचा मेळ ही केवळ विमानशास्त्राची बाब राहिलेली नाही.

संगणकांच्या जागतिक जाळ्यात वेळ पोहोचविण्याची व्यवस्था डेलावेअर विद्यापीठाचे प्राध्यापक डेव्हिड मिल्स यांनी १९८५ पासून घडवीत आणली. तिच्यात आपला संगणक एकाच नव्हे, अनेक वेळदात्यांना विचारतो. प्रश्न जाऊन उत्तर यावयास किती वेळ लागला तो मोजतो, प्रवासातील उशीर वजा करतो, आणि ज्यांची उत्तरे एकमेकांशी जुळतात त्यांचा गट धरून बाकीच्यांना वगळतो. मिल्स यांनी या दोन गटांना नावे दिली आहेत. वगळलेले ते खोटी टिकटिक करणारे, आणि स्वीकारलेले ते खरे टोले देणारे. देवळाच्या घंटांशी बालपणापासून परिचय असलेल्या वाचकांना हे दुसरे नाव निश्चित आवडेल. मिल्स यांची दृष्टी पूर्वीपासूनच अधू होती आणि उतारवयात ती पूर्णपणे गेली. घड्याळ पाहता येत नसताना जगाची घड्याळे जुळविण्याचे काम ते करीत राहिले. जानेवारी २०२४ मध्ये त्यांचे निधन झाले.

मद्रासची जागा आज दिल्लीने घेतली आहे. भारतीय प्रमाणवेळ राखण्याचे काम तेथील राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेकडे आहे आणि देशातील संगणकांनी तिच्याशी वा राष्ट्रीय सूचना केंद्राच्या घड्याळांशी जुळवून घ्यावे, असा आदेश एप्रिल २०२२ मध्ये निघाला. दिल्लीचे घड्याळही एकटे नाही. पॅरिसजवळ सेव्र येथे असलेली आंतरराष्ट्रीय मापनसंस्था जगभरच्या काही डझन प्रयोगशाळांतील चारशेहून अधिक अणुघड्याळांची सरासरी काढते. ज्याची चाल अधिक स्थिर त्याच्या मताला अधिक वजन, जे भरकटले त्याला शून्य. त्या सरासरीतून जगाची वेळ ठरते. तिच्यात दिल्लीचाही वाटा आहे. जगाची खरी वेळ दाखविणारे एकही घड्याळ पृथ्वीवर नाही, ही गोष्ट मद्रासच्या वेधशाळेतील अधिकाऱ्याला सांगितली असती तर त्याने ती थट्टाच समजली असती. आणि ‘तुमचे घड्याळ आम्ही का मानावे?’ या मुंबईकरांच्या प्रश्नाला आज थोडे बरे उत्तर देता येते: ते कोणा एकाचे नाही, आणि त्यातील काही बिघडली तरी ते टिकेल.

टिकेल, पण पुरेशी शाबूत असतील तरच. याचा अनुभव आपल्या देशाने अलीकडेच घेतला. भारताच्या स्वतःच्या मार्गदर्शक उपग्रहमालेतील पहिला उपग्रह जुलै २०१३ मध्ये आकाशात गेला. स्थान अचूक सांगावयाचे तर वेळ अचूक हवी, म्हणून त्यात परदेशातून आणलेली तीन रुबिडियम अणुघड्याळे बसविली होती: एक चालू, दोन राखीव. काही वर्षांतच एकामागून एक तिन्ही बंद पडली. त्याच्या जागी ऑगस्ट २०१७ मध्ये पाठविलेल्या उपग्रहाचे उष्णतारोधक आवरणच उघडले नाही आणि तो निकामी ठरला. शेवटी एप्रिल २०१८ मध्ये दुसरा पाठवून उणीव भरून काढावी लागली. एकाच कारखान्यातून, एकाच पद्धतीने बनलेली तीन घड्याळे ही खऱ्या अर्थाने तीन नव्हेत. त्यांचा दोष एकच असू शकतो. लँपोर्ट यांचे गणित घड्याळे मोजते, पण ती एकमेकांपासून किती स्वतंत्र आहेत हे आपल्यालाच पाहावे लागते. मे २०२३ मध्ये सोडलेल्या उपग्रहात प्रथमच भारतात बनलेले रुबिडियम घड्याळ बसविण्यात आले.

या सर्वांपासून अलिप्त असा यवतमाळचा सूर्य आपल्या चालीने चालला आहे. तो रोज साडेसतरा मिनिटे उशिरा येतो असेही नाही. पृथ्वीची कक्षा लंबवर्तुळाकार आणि तिचा आस कललेला असल्यामुळे नोव्हेंबरच्या आरंभी तो बारा वाजून एक मिनिटाच्या सुमारासच माथ्यावर येतो, तर फेब्रुवारीच्या मध्यास त्याला साडेबाराही उलटून जातात. अंगणात सरळ काठी रोवून तिची सर्वांत आखूड सावली केव्हा पडते हे पाहिले, तर कोणालाही ते पडताळून पाहता येईल.